रेफर्ड बाय : सेल्फ

मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. आईला चक्कर आली म्हणून रिक्षात घालून एका मोठ्या हॉस्पिटलात आणलं होतं, तिला कॅज्युअल्टीत आत घेतलं आणि मी काउंटरवर फॉर्म भरत उभा होतो. नाव, वय, पत्ता, आधार, मेडिक्लेम आहे का, आणि त्याखाली एक रकाना : फॅमिली डॉक्टर / रेफर्ड बाय. हात सवयीनं आमच्या डॉक्टरांचं आडनाव लिहायला गेला, पहिलं अक्षर लिहूनही झालं, आणि मग आठवलं की दवाखाना बंद होऊन दोन वर्षं झाली. काउंटरवरचा पोरगा बावीस-तेवीसचा असेल, डोळ्यांवर झोप होती त्याच्या, त्यानं कागद स्वतःकडं ओढला. "कोण नाही ना काका? मग सेल्फ टाकतो की." माझ्या अर्ध्या अक्षरावर रेघ मारून त्यानं लिहिलं, सेल्फ.

आई तीन दिवस तिथं होती. ईसीजी, टू डी इको, मेंदूचा एमआरआय, मानेच्या नसांची सोनोग्राफी, रक्ताच्या झाडून सगळ्या तपासण्या, आणि सगळं नॉर्मल. आल्या आल्या बीपी तेवढं खाली होतं, नव्वदच्या घरात, ते सलाईननं वर आलं. चार वेगवेगळे डॉक्टर येऊन गेले, चौघंही हुशार, चौघंही आईशी नीट बोलले, खोटं कशाला सांगू, पण हृदयवाल्यांनी हृदय बघितलं आणि मेंदूवाल्यांनी मेंदू. चक्कर नेमकी कशानं आली हे डिस्चार्ज कार्ड हातात पडलं तरी कळलं नाही, कारण ते सांगायचं काम त्या चौघांतल्या कुणाचंच नव्हतं. बिल त्रेपन्न हजार झालं. त्याचंही दुःख आहेच. पण घरी येऊन फाईल लावताना बघतो तर प्रत्येक रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात तेच छापलेलं, अगदी साध्या हिमोग्लोबिनच्या कागदावरसुद्धा, रेफर्ड बाय सेल्फ. रात्री पडल्या पडल्या तो शब्द डोक्यात फिरायचा.

म्हणजे आईला कुणी पाठवलंच नव्हतं. आम्ही आपले निघालो होतो.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना सोलापूरच्या पूर्वभागात होता, साखर पेठेकडून आत गेलं की एका मागावाल्याच्या घराच्या खाली. वर दिवसभर पॉवरलूमची खटखट चालायची, त्यामुळं आमचे डॉक्टर जरा मोठ्यानंच बोलायचे आणि आजारी माणसालाही मोठ्यानं सांगावं लागायचं, त्यात लपवाछपवी कसली होणार. बाहेर दोन लाकडी बाकडी, त्यांवर विडी कामगार बायका बसलेल्या असायच्या, कारखान्यात माल देऊन परस्पर तिकडं आलेल्या, त्यांच्या लुगड्यांना तंबाखूचा तो कडवट, नाकात बसणारा वास. आतून स्पिरिटचा वास. हे दोन वास एकत्र आले की मला अजून ताप आल्यासारखं वाटतं. डॉक्टर मराठी, पण चाळीस वर्षं पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत काढल्यामुळं तेलुगू फाडफाड बोलायचे, बाई आत आली की मान वर न करता आधी "एमैंदम्मा?", म्हणजे काय झालं गं बाई, आणि मग हात पुढं, नाडीसाठी. कंपाउंडर काचेच्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि बाटलीला कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एका खाचेला एक डोस. फी मी शाळेत असताना दहा रुपये, शेवटी शेवटी शंभर, त्यातही कुणी "पगार झाला की देते" म्हटलं तर वहीत लिहायचे आणि विसरायचे.

पोट तपासायचे ते मला नीट आठवतं. थंडीत आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे, मग दाबायचे, हळूहळू, एकेक बोट सरकवत, आणि दाबताना पोटाकडं अजिबात बघायचे नाहीत, पेशंटच्या चेहऱ्याकडं बघायचे. कुठं भुवई हलते, कुठं श्वास अडकतो. वडलांचं एकदा असंच पोट दुखत होतं, आई रडायला लागलेली, तर डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बघू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्वतः दारात हजर, लुना बाहेर स्टँडवर लावलेली, चहाही न घेता पोट दाबून गेले. तिसऱ्या दिवशी वडील मागावर उभे होते. पुढच्याच वर्षी बहिणीचं पोट दुखलं तेव्हा त्याच आवाजात म्हणाले, "हे आत्ता न्यायचं," दवाखाना कंपाउंडरवर सोडून आमच्याबरोबर सिव्हिलला आले, अपेंडिक्स होतं. दोन्ही पोटं मला बाहेरून सारखीच दिसली होती. कुठल्या पोटासाठी थांबायचं आणि कुठल्यासाठी पळायचं, हे ठरवणारं एक माणूस गल्लीत होतं, आणि ते माणूस चुकलं तर त्याला उद्या परत आमच्याच दारावरून जायचं होतं.

त्यांच्याकडं घराला एक कार्ड असायचं. माणसाला नाही, घराला. पिवळं, जाड पुठ्ठ्याचं, पत्र्याच्या डब्यात आडनावाप्रमाणं लावलेलं. आमच्या कार्डावर सगळ्यात वर आजोबांचा दमा, त्याखाली वडील, आईची बाळंतपणं, माझा कावीळ झालेला उन्हाळा, आणि कोपऱ्यात लाल पेनानं "धाकटीला पेनिसिलिन नको".

आता सगळं गोड गोडच होतं असं नाही. तापाला लगेच इंजेक्शन द्यायचे, लोकांनाही सुई टोचल्याशिवाय बरं वाटायचं नाही म्हणून असेल, पण द्यायचे. त्या भागातच असे डॉक्टरही होते जे अशक्तपणा म्हटलं की सलाईन लावायचे आणि पेशंट पुढं पाठवला की तिकडून कट, म्हणजे कमिशन घ्यायचे, सगळ्यांना माहीत होतं. कटमुळं लोकांचा पहिल्या डॉक्टरवरचा विश्वास किती गेला याचा हिशोब कुणी मांडलाय की नाही कोण जाणे. "हा पाठवतोय म्हणजे याचं काहीतरी असणार," हे एकदा मनात आलं की माणूस पुढच्या वेळी त्याला वगळूनच जातो. थेट मोठ्या हॉस्पिटलात, सेल्फ.

दवाखाना बंद करायच्या आधी डॉक्टरांनी महिनाभर एकेका घराला बोलावून कार्डं परत दिली. मी गेलो तेव्हा डबा निम्मा रिकामा झाला होता. कुणी बसणारं नाही का मिळालं, असं विचारलं, तर म्हणाले, तीन वर्षं शोधतोय, एमबीबीएस पोरं येतात, बघून जातात, परीक्षेचा अभ्यास आहे म्हणतात. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात हाडांचा सर्जन आहे. "त्याला मीच म्हटलं होतं, नुसतं एमबीबीएस राहू नको." हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना दोष देणार तरी कसा, आमच्याच नात्यात एका मुलीचं स्थळ बघताना "मुलगा डॉक्टर आहे, पण नुसताच एमबीबीएस" असं म्हणून यादीतून नाव काढलेलं मी ऐकलंय, आणि गप्प बसलोय.

नुसताच. हा शब्द कधीपासून चिकटला कुणास ठाऊक, पण गोष्ट जुनी आहे. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेबद्दल भोर समितीनं अहवाल दिला तेव्हा देशात ४७ हजारांच्या आसपास डॉक्टर होते, त्यातले जवळपास ३० हजार लायसेन्शिएट, म्हणजे डिग्रीऐवजी कमी वर्षांचा कोर्स केलेले. माझे आजोबा जुन्या गिरणीच्या काळातल्या एका डॉक्टरची आठवण सांगायचे, त्याच्या पाटीवर एलसीपीएस लिहिलेलं असायचं, तोही असाच लायसेन्शिएट. समितीनं म्हटलं, असे दोन दर्जे नकोत, सगळीकडं एकच पूर्ण शिकलेला बेसिक डॉक्टर असू दे, खेड्यातल्या माणसालाही तोच मिळू दे. समितीतल्याच काहींनी विरोध केला होता, की एवढे डॉक्टर तयार होईपर्यंत खेड्यात कोण जाणार. मला दोन्ही बाजू पटतात. खेड्याला कमी शिकलेला डॉक्टर का, हा प्रश्न आजही खराच आहे. पण झालं असं की ज्या डिग्रीनं गल्लीत, गावात बसायचं होतं ती जिन्याची पहिली पायरी होऊन बसली, आणि पहिल्या पायरीवर घर कोण करतं.

कारण हिशोबच बघा की. २०१४ साली देशात एमबीबीएसच्या ५१ हजार जागा होत्या, आता लाखाच्या वर गेल्यात. सरकार संसदेत सांगतं ८११ लोकांमागं एक डॉक्टर आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हजाराला एकपेक्षा चांगलं. त्यात आयुषवाले, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीवालेही धरलेत, आणि नोंदणी असलेल्यांपैकी ऐंशी टक्के काम करतात असं मानलंय, पण ते सोडा. डॉक्टर तयार होतायत हे खरं आहे. पण साडेपाच वर्षं पोरगा कॉलेजच्या हॉस्पिटलात शिकतो, तिथं त्याला शिकवणारा प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा स्पेशालिस्ट, बहुतेक कॉलेजात फॅमिली मेडिसिन नावाचा विभागच नाही. बाकड्यावर बसलेल्या चाळीस जणांतले अडतीस साधे आणि दोन गंभीर कसे ओळखायचे, हे पंचवीस वर्षं करत आलेला माणूस त्याला एकदाही समोर दिसत नाही. त्यानं का म्हणून ते व्हावं? खाजगी कॉलेजची फी भरलेली असेल तर शंभर रुपयांच्या फीत ती कधी फिटणार? आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, ते पेशंटच्या बाजूनं चांगलंच झालं, पण एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्याला "दोन दिवस बघू" म्हणायची भीती त्यात वाढली. दोन दिवसांत काही झालं तर? त्यापेक्षा स्कॅन लिहून दिलेला बरा.

पैसा कुठून येतो हेही बघायला पाहिजे. महात्मा फुले योजनेत आता पाच लाखांपर्यंत उपचार होतात आणि ती योजना किती घरांना बुडण्यापासून वाचवते हे मी डोळ्यांनी बघितलंय, वाईट बोलणार नाही. पण ती लागू होते ॲडमिट झाल्यावर. आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशींना सहा महिने खोकला आहे, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर ती धूळ छातीत, त्यांच्या खोकल्याला या योजनेचं कार्ड चालत नाही. खोकला न्यूमोनिया होऊन त्या खाटेवर पडल्या की मग चालतं. जवळ सरकारी छोटा दवाखाना निघाला, औषध फुकट, तिथली सिस्टर जीव लावून काम करते, पण डॉक्टर कंत्राटावर, वर्षात तीन बदलले. मावशी म्हणाल्या, "दर वेळी पयल्यापासून सांगायचं, मग गेलेच नाही."

गावाकडं तर विचारू नका. मामाच्या गावाला, मंगळवेढ्याच्या बाजूला, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सपाट भागात ३० हजार लोकांमागं एक, असा सरकारी नियम. इमारत नवी आहे, फरशी चकचकीत. मागं डॉक्टरांचं क्वार्टर आहे, त्याच्या खिडकीत कबुतरांनी घरटं केलंय. डॉक्टर सोलापुरातून येऊन-जाऊन करतात, बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष आहे त्यांचं, चांगला मुलगा, पण चार वाजले की त्याचं लक्ष घड्याळाकडं. बायको नोकरीला, लेकरू शाळेत, गावात राहायचं कसं, हे त्यानं मला समजावून सांगितलं आणि मला ते पटलं. रात्री गावात कुणाच्या छातीत दुखलं की गाडी थेट सोलापूरला. आमचं शहर आता दवाखान्यांचंच शहर झालंय. एसटी स्टँडवर सकाळी बघा, तुळजापूर, अक्कलकोट, तिकडून कर्नाटकातल्या इंडी, आळंदची माणसं, काखेत एक्सरेची मोठी पाकिटं, पिशवीत भाकरी-चटणी, प्रत्येकाच्या हातात कुणीतरी कागदावर लिहून दिलेलं नाव. गुडघ्याला हे, पोटाला ते. कुणाकडं जायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, किंवा रिक्षावाल्यानं.

आतेबहीण ओहायोत असते. तिला हे फोनवर सांगत होतो तर म्हणाली, आमच्याकडं काय वेगळं आहे, घर बदललं तर नव्या गावात फॅमिली डॉक्टर नवा पेशंट घ्यायलाच तयार नाही, चार महिन्यांनी नंबर लागला. मला वाटलं होतं हे आपलंच दुखणं. तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं २०२४ मध्ये अंदाज दिलाय की २०३६ पर्यंत ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडू शकतात, त्यात पहिल्या पायरीवरचे २० ते ४० हजार. तिथंही शिकायचं कर्ज डोंगराएवढं, तिथंही बोलून-तपासून सांगण्यापेक्षा काहीतरी कापण्याला, टोचण्याला जास्त पैसे, शिवाय शिकाऊ डॉक्टरांच्या जागांना मिळणाऱ्या सरकारी पैशावर १९९७ च्या कायद्यानं मर्यादा घातलेली. मग तूट भरायची कशी, तर बाहेरून माणसं आणून. तिकडच्या चार डॉक्टरांत जवळपास एक बाहेरच्या देशात शिकलेला, आणि त्यात सगळ्यात जास्त आपले. बहिणीला चार महिन्यांनी जो डॉक्टर मिळाला तो गुलबर्ग्याचा निघाला, आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा. ती खूश होती, कन्नडमध्ये दोन शब्द बोलली त्याच्याशी. मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईला परत गरगरायला लागलं. रात्रीचे दहा, पाऊस येतो येतो म्हणून न आलेला, घरात कोंदट, चार दिवसांनी पाणी सुटलेलं म्हणून खाली मोटारींचा आवाज. मी गाडीची किल्ली हातात घेतली आणि तिथंच उभा राहिलो. परत तोच काउंटर, तोच फॉर्म. आईच म्हणाली, "वरच्या पोरीला बोलाव की." वरच्या मजल्यावरची मुलगी एमबीबीएस होऊन इंटर्नशिप करतेय, कधी हाक मारली नव्हती तिला, अभ्यासात असते. ती आली तशीच, केसांना क्लिप, पायात बाथरूमच्या सपाता, हातात बीपीचं मशीन. आईच्या शेजारी खाटेवर बसली, काय जेवलात, कधी जेवलात, उठताना गरगरतं का झोपूनही. झोपवून बीपी घेतलं, उभं करून परत घेतलं. मग म्हणाली, "काकू, गोळ्यांची पिशवी कुठाय?"

पिशवी तिनं चादरीवर उलटी केली. अकरा प्रकारच्या पट्ट्या. एकेक ओळीनं मांडल्या, मोबाईलचा टॉर्च लावून मागचं बारीक अक्षर वाचत गेली, आणि दोन पट्ट्या बाजूला काढल्या, एक निळी, एक चंदेरी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, एक शुगरच्या. आत औषध एकच, टेल्मिसार्टन, बीपी कमी करणारं. "काकू दोन्ही खातायत रोज?" आई म्हणाली, हो, सांगितलंय तसं सगळं घेते मी, एकही चुकवत नाही. मी खाटेच्या कडेला बसलो. तीन महिने दोन्ही चालू होत्या. एमआरआय झाला, नसांची सोनोग्राफी झाली, आणि त्या दोन पट्ट्या सगळा वेळ तिच्या उशाशी, माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मीच आणल्या होत्या मेडिकलमधून.

तिनं तिच्या सीनिअरला फोन लावला, दोन मिनिटं बोलली. "आज रात्रीची ही निळी द्यायची नाही. उद्या दोन्ही डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवा, एकत्र दाखवा. मी सकाळी सातला येते मोजायला, ड्यूटीच्या आधी. दोन दिवस बघू."

आईनं माझ्याकडं बघितलं.

मग तिला विचारलं, दवाखाना कुठं टाकणार गं तू? मुलगी हसली. रेडिओलॉजी करायचंय काकू, परीक्षा जवळ आलीय, मिळाली तर. आई म्हणाली, मिळंल की, हुशार आहेस. मी काहीच बोललो नाही. इथंच बस, साखर पेठेत ती जागा अजून रिकामी आहे, असं जिभेवर आलं होतं, पण कुठल्या तोंडानं सांगू. तिच्या वडलांनी घर गहाण टाकलंय फीसाठी, मला माहीत आहे.

आईनं मला कपाट उघडायला लावलं. साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पिवळं कार्ड. मुलीनं ते उलटून पालटून बघितलं, आजोबांचा दमा वाचला, लाल पेनातलं पेनिसिलिन वाचलं, शेवटच्या नोंदीपाशी थांबली. खाली अजून चार बोटं जागा होती. तिनं माझ्याकडं पेन मागितला, तारीख घातली आणि लिहिलं, "झोपून १०४/६४, उभं राहून ८८/५८. टेल्मिसार्टन दोन ठिकाणाहून. एक थांबवली. उद्या ७ वा. परत." आणि त्याखाली सही केली.